शून्याचे दोन

जहाजावरून, डेट्रॉइट नदी
२४ जून २०१२

सायमाताई,

टपालाची होडी आमच्या जहाजाला येऊन चिकटायच्या आत हे संपवायचंय, म्हणून मुद्द्याचं आधी. आईचं घर विकायचं मी ठरवलंय. शिकागोचा एक दंतवैद्य आहे, त्याला तळ्याकाठी उन्हाळ्यापुरतं घर हवंय. मासे धरणार म्हणे. दहा ऑगस्टला आमचं जहाज लोहखनिज भरायला मार्क्वेटला लागेल, तेव्हा तो कागद घेऊन धक्क्यावर येईल. आईच्या वतीने सही करायचा अधिकार माझ्याकडे आहेच. तू तेवढं घरातलं सामान आवरून ठेव. भांडी तुला, सौनातली, वाफेच्या न्हाणीतली, लाकडी बादली मला.

फोन करत नाही, रागावू नकोस. एप्रिलमध्ये फोनवर आपण एकमेकींना काय काय बोललो ते आठवलं की अजून कसंतरी होतं. मी रडते, तू ओरडतेस. कागदावर तू ओरडलीस तरी मला मध्ये जाऊन पाव भाजून यायला वेळ मिळतो.

ताई, आई आता उठायची नाही. हे आपण दोघी मनात धरून बसलोय आणि कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. आधी तो न्यूमोनिया, त्यात मेंदूचा झटका. एप्रिलमध्ये मी निघाले तेव्हा तिने डोळेसुद्धा उघडले नव्हते. बंद घराचे पाइप हिवाळ्यात फुटतील, छतावर बर्फ साचेल, आणि मी असणार पाण्यावर, पंचवीस माणसांचं जेवण रांधत.

आणखी एक. इथे डेकवर काम करणारा एक जण आहे. त्याच्या आजीला म्हाताऱ्या माणसांच्या कुठल्याशा होममध्ये खुर्चीला पट्ट्याने बांधून ठेवायचे. जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं त्याने. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आईला बांधत नाहीत ना तुमच्याकडे? होमच्या एप्रिलच्या अहवालात ‘बंधन’ लिहिलं होतं तिथे शून्य होतं, मी दोनदा वाचलं होतं. तरी तू सांग. तू तिथे कामाला आहेस म्हणूनच मी तिला तिथे ठेवलं.

तुझी,
आर्लीन


पाइन हार्बर
१ जुलै

आर्ली,

तुझं पत्र मिळालं. दंतवैद्याचं वाचून मी कप आपटला, त्याचा कान तुटला. माझ्या शुद्धलेखनाकडे बघू नकोस. मी नववीत शाळा सोडली आणि शाळेला त्याचं वाईट वाटलं नाही.

आधी बांधण्याचं. नाही बांधत. मी सकाळपाळीला असते, आणि मी असताना माझ्या मावशीला कुणी बांधलं तर त्याचेच हात मी बांधीन. पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे आहेत, ते वर असतात, ती घरंगळू नये म्हणून. पण ते मोजत नाहीत. अहवाल लिहिणारी आमची नर्स आहे ना, पेल्टोबाई, ती हे सगळं बघूनच लिहिते. बाई डेट्रॉइटकडची, नवरा आपल्या फिनिश लोकांतला, म्हणून आडनाव पेल्टो. तिने शून्य घातलं ते डोळे मिटून नाही घातलं. दर तीन महिन्यांनी असा अहवाल करतात, पुढचा याच महिन्यात आहे. तेव्हाही शून्यच असणार, मी सांगते लिहून.

मावशी तशीच. छाती मोकळी झाली, ताप नाही, पण झटक्याने जे नेलं ते नेलं. ओंडक्यासारखी पडून असते. कूस मी बदलते, तोंड मी पुसते, दात मी घालते. जेवण भरवायचं तर घालावेच लागतात. आणि तोंडाने मी सगळ्या गावाच्या चहाड्या सांगते तिला, आपल्या भाषेत. काय ऐकते, किती ऐकते, तिचं तिला ठाऊक.

एक कटकट आहे. रात्रपाळीची पोरगी चादर नीट खोचत नाही. रोज सकाळी चादर पायथ्याशी गोळा होऊन पडलेली. मी चांगलं सुनावलं तिला. म्हणते, “मी खोचते हो.” म्हटलं, “खोचतेस तर काय चादर पायांनी चालत जाते खाली?”

आता घराचं. माणूस जिवंत असताना त्याचं घर विकायचं तर त्याला विचारून विकतात. तू म्हणशील, कुणाला विचारू? तेही खरंच आहे, म्हणून तर जास्त राग येतो मला. काकांनी आणि तिने ते घर स्वतःच्या हातांनी उभं केलं. सौनाच्या भिंतीचा एकेक ओंडका तिने सोलला, पोटात तू होतीस तेव्हा. किल्ली माझ्याकडे आहे आणि मी काही आवरणार नाही. तुला आवरायचं तर ये आणि आवर. कंबर मोडली की कळेल.

सायमा


सू कालव्याच्या जलद्वारातून
१४ जुलै

सायमा,

ताई म्हणत नाही आज.

जहाज इथे अडकून पडलंय, पुढे रांग आहे, म्हणून मी होमला फोन केला. तू सुटीवर होतीस. ऑफिसातल्या मुलीने नवा अहवाल वाचून दाखवला. मी म्हटलं, ते बंधनाचं वाच. तिने वाचलं. दोन. मी विचारलं, दोन म्हणजे काय. तर म्हणे, शून्य म्हणजे बंधन नाही, एक म्हणजे अधूनमधून, दोन म्हणजे रोज.

रोज.

शून्याचे दोन झाले, आणि तू मला लिहून दिलं होतंस. कशाने बांधता तिला? पट्ट्याने? चादरीने? जी बाई कूस बदलू शकत नाही तिला बांधायचं काय अडलंय तुमचं? की तुला सोपं जातं तसं? तू तिथे आहेस म्हणून मी निवांत झोपत होते. मला वाटलं होतं, निदान आपलं माणूस आहे तिथे.

डलुथच्या एका होमशी बोलले. जागा आहे. घर विकलं की तिला तिकडे हलवते. दहा तारखेला सही करणार, नक्की. तू सामान आवरू नकोस. भांडीही राहू देत.

आर्लीन


पाइन हार्बर
१९ जुलै

बये,

बस आधी. चुलीवर काही असेल तर उतरव. हे पत्र मी तीन वेळा लिहिलं आणि तीनही वेळा हात इतका धावत होता की माझंच मला वाचता येईना. आता सावकाश लिहिते.

मावशी हलली.

शुक्रवारी सकाळी मी खोलीत गेले. चादर पायथ्याशी. मी तोंड उघडलं, रात्रपाळीच्या पोरीच्या नावाने, आणि तसंच उघडं राहिलं. मावशीचा डावा पाय कठड्यावरून पलीकडे. टाच हवेत. डाव्या हाताने तिने कठडा पकडलेला आणि ती तो हलवत होती, गदागदा. डोळे उघडे, आर्ली. टक्क उघडे. माझ्याकडे बघितलं ते असं की, काय बघत उभी राहिलीस, काढ की हे. माझ्या हातातलं पाण्याचं भांडं खाली. पोरीची मी नंतर माफी मागितली. चादर खरंच पायांनी चालत जात होती.

मी पळत जाऊन पेल्टोबाईला आणलं. अहवालाचेच दिवस होते. मागच्या सात दिवसांत काय काय झालं ते त्यात लिहायचं असतं, म्हणून ती प्रत्येकाला विचारत सुटली, दिवसपाळी, संध्याकाळची, रात्रीची. आणि काय निघालं? सगळ्यांनी थोडं थोडं बघितलं होतं. एकीने पाय हलताना, एकीने हात कठड्यावर. प्रत्येकीला वाटलं, झोपेतला झटका असेल, आणि कुणी कुणाला बोललं नाही. मी धरून. मी तर चादरीवर भांडत बसले होते.

दुपारी बघते तर तिने बंधनापुढे दोन घातलेले. माझं डोकं फिरलं. तुझं फिरलं ना, तस्सं. भर व्हरांड्यात गाठलं तिला.

“कुणाला बांधलं हो आम्ही? दाखवा पट्टा. दाखवा दोरी.”

“ओरडू नकोस, सायमा. तो कठडा तिला स्वतःला खाली करता येतो का?”

“खिट्टी बाहेरून आहे, खालच्या अंगाला. मलाच गुडघ्यावर बसावं लागतं.”

“आणि तिला बाहेर यायचंय?”

“पाय बाहेर टाकलाय म्हणजे यायचंच असणार. पाय काय हवा खायला आलाय?”

“मग कठडा तिला अडवतोय. अंगाला लागून असलेली जी वस्तू माणसाला अडवते आणि त्याला स्वतःला दूर करता येत नाही, ते बंधन. पट्टा असो की पलंगाचा कठडा असो.”

“पण एप्रिलपासून तोच कठडा आहे! तेव्हा शून्य आणि आता दोन?”

“तेव्हा ती हलतच नव्हती. जी हलत नाही तिला कोण अडवणार? कठडा तोच आहे, सायमा. बाई बदलली.”

मला डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तेव्हा मी औषधांच्या गाडीवर बसले आणि गाडी मला घेऊन चालू लागली. पेल्टोबाईने धरली म्हणून, नाहीतर मी स्वयंपाकघरात जाऊन आपटले असते.

कळलं का तुला? ज्या आकड्यावरून तू माझी ताई काढून घेतलीस, त्याच्याइतकी चांगली बातमी या होममधून वर्षभरात कुणाला गेली नसेल. दोन म्हणजे तुझी आई रोज उठायला बघते. रोज.

आता पुढचं ऐक. आमचा व्यवस्थापक रॅडकी, त्याला कुणीतरी चावी दिली. आला हातात कॉफी घेऊन. म्हणतो, “हे आकडे वर जातात, लोक बघतात. तिथे ‘सुरक्षेसाठी’ असं लिहून शून्य नाही का चालणार?” पेल्टोबाई म्हणाली, “कशासाठी लावलाय ते इथे विचारत नाहीत. त्याने काय होतंय ते विचारतात.” “मग दोनच राहणार?” “राहू नये असं वाटत असेल तर आकडा नका खोडू, कठडा काढा.” रॅडकीची कॉफी बशीत सांडली. माणूस वाईट नाही, पण घाबरट आहे.

तर आता कठडे काढायचं घाटतंय. पलंग अगदी जमिनीलगत खाली करायचा, दोन्ही बाजूंना जाड गाद्या टाकायच्या, आणि व्यायाम घेणारा माणूस पुन्हा सुरू. पण ती पडू शकते, हे पेल्टोबाई लपवत नाही. तिला तुझं म्हणणं हवंय. आणि मला तुझं म्हणणं हवंय त्या दंतवैद्याबद्दल. सही करू नकोस. निदान दहा तारखेला डोळ्यांनी बघ आणि मग कर काय करायचं ते.

तुझी ताई, तुला मान्य असो की नसो,
सायमा


जहाजावरून, डेट्रॉइट नदी
२७ जुलै

ताई,

पहिल्यांदा माफ कर. दुसऱ्यांदाही कर.

तुझं पत्र होडीवाल्याने दोरीला बांधलेल्या बादलीतून वर पाठवलं. मी भट्टीसमोर उभी राहूनच फोडलं. ‘मावशी हलली’ वाचलं आणि तिथेच खाली बसले. आतमध्ये वेलदोड्याचे पाव होते, ते काळे झाले. कप्तान वास घेत आला, म्हणाला, “आर्लीन, आग लागली की कुणी मेलं?” मी म्हटलं, “कुणी मेलं नाही, तेच तर.” त्याला वाटलं मी घेतलीय.

डोळे कसे आहेत गं तिचे? तुला ओळखलं का तिने? पाय टाकत होती तो कुठे जायला? ते काही तू लिहिलंच नाहीस. तू पेल्टोबाईचं भांडण सगळं लिहिलंस आणि माझ्या आईचं एक ओळभर.

पण ताई, एक सांगते, ओरडू नकोस. कठडे काढू नका. दोन दिवस मी नुसती आनंदात होते, भांडी घासताना गात होते, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर तिची कंबर आली. तिची हाडं काचेची झालीत. शेजारच्या बेट्टीची आई आठव, मोरीत पडली आणि नाताळही बघितला नाही तिने. आई हललीय, बस झालं मला. हलू दे तिला कठड्याच्या आत. दोन तर दोन, राहू दे दोन. मी त्या ऑफिसातल्या मुलीला काही बोलणार नाही. मोडलेल्या आईपेक्षा मला अडवलेली आई चालेल.

दंतवैद्याला अजून नाही म्हटलं नाही. खरं सांगते. हलणं वेगळं आणि घरी येऊन राहणं वेगळं. तो रोज निरोप पाठवतो. त्याने होडीसुद्धा घेतलीय म्हणे.

पेल्टोबाईला सांग, मुलगी नको म्हणते.

तुझी,
आर्ली


पाइन हार्बर
२ ऑगस्ट

आर्ली,

बांधलं म्हणून भांडलीस तेव्हा मी सायमा होते. आता बांध म्हणून भांडतेस तर ताई झाले. ठरव एकदा.

तुझं म्हणणं मी पेल्टोबाईला वाचून दाखवलं, प्रत्येक शब्द. काळ्या पावांसकट. ती म्हणाली, “मुलीचं ऐकलं. आता जिचा पलंग आहे तिलाच विचारू.” ते कसं झालं ते सांगते. तू म्हणालीस ना, तुझ्या आईचं ओळभरच लिहिलं. घे.

मागच्या आठवड्यात मी कामावर आले तर मावशीच्या नावापुढे नवीन शेरा. ‘अन्नाबद्दल संशय. विषबाधेची भीती.’ मी म्हटलं, हे काय नवीन? तर संध्याकाळच्या बाईने सांगितलं, जेवणाचं ताट घेऊन जवळ गेलं की ही हात आपटते आणि ओरडते, “पॉइझन, पॉइझन.” वेडंवाकडं बोलते पण स्पष्ट ऐकू येतं म्हणे. सगळे हळहळत होते, बिचारीचं डोकं गेलं. खिमट कोण खाऊन दाखवतंय, लापशी कोण खाऊन दाखवतंय, बघा हो आजी, विष नाही.

मी खोलीत गेले. मावशीने मला बघितलं आणि तळहात कठड्यावर आपटला. थाड. “पोइस.”

पोइस, आर्ली. दूर कर. काढ हे. ताट घेऊन येणारा दरवेळी कठड्याशीच येऊन उभा राहायचा ना, म्हणून ती त्यालाच सांगत होती. आणि या डेट्रॉइटवाल्यांना इंग्रजीतलं विष ऐकू आलं. मी इतकी हसले की मला भिंत धरावी लागली. पेल्टोबाईला सांगितलं तर तीही हसली, मग लाल झाली, मग म्हणाली, “वीस वर्षं सासर फिनिश आहे माझं, आणि मला फक्त कॉफी मागता येते.” शेरा तिने स्वतः खोडला.

मग ती मावशीजवळ बसली आणि सरळ विचारलं. मी आपल्या भाषेत सांगत गेले. कठडे काढले तर तू पडशील, मावशी. कळतंय? मान हलवली. हाड मोडेल. मान हलवली. आर्ली नको म्हणते. यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की तू तिथे असतीस तर तोंड फिरवलं असतंस. पुन्हा थाड. पोइस.

सोमवारी काढले कठडे.

आता पुढचं उभं राहून वाचू नकोस. ती पडली. मंगळवारी. पलंगावरून गादीवर, वीतभर उंचीवरून. कोपर खरचटलं. बाकी सगळं तपासलं, हाड शाबूत. मी धावले तर ती उताणी पडून काकांची ती ठेवणीतली शिवी देत होती. पूर्ण. एक अक्षर चुकलं नाही. बोलणं शिकवायला जी बाई येते ती टाळ्या वाजवायला लागली, अर्थ मी तिला सांगितला नाही.

बुधवारी ती पलंगाच्या कडेला बसली. धरायला माणूस होता, पण बसली ती, पेल्टोबाईने फोन करून सांगितलं.

दंतवैद्याचं मी आता काही बोलणार नाही. मागे मी म्हटलं होतं, विचारायचं तर कुणाला? आता विचारता येतं. दहा तारखेला तूच विचार तिला. तिने हो म्हटलं तर मी स्वतः सामान आवरीन, बादलीसकट.

मी तेव्हा नसेन. त्या पडण्याच्या वेळी धावताना माझी कंबर धरली, दोन आठवडे घरी आडवं पडायचंय. माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नकोस. जहाज भरेपर्यंत तुला तेवढेच चार तास मिळतात. सरळ तिच्याकडे जा.

ताई


जहाजावरून, लेक सुपीरियर
११ ऑगस्ट

ताई,

कंबर कशी आहे? उशी गुडघ्यांखाली घे, पाठीखाली नको.

दंतवैद्य धक्क्यावर उभाच होता. नवीन टोपी, हातात कागद. मी म्हटलं, आईला भेटून येते, मग सही. कागद घेऊन जाऊ का? तो म्हणाला, न्या ना, वाचून दाखवा त्यांना. मला वाटतं त्याने ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं. त्यानेच टॅक्सी बोलावून दिली. भला माणूस आहे, म्हणून मला जास्तच अवघड होत होतं.

मी खोलीत शिरले तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसलेली होती. पाय जमिनीवर. निळा स्वेटर. पेल्टोबाई जवळ होती पण धरलं नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाली, “बारीक.” मी बारीक झाले म्हणून, की केस बारीक कापले म्हणून, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी तिच्या गळ्यात पडले आणि मग मला एकदम भीती वाटली की माझ्याच वजनाने ती कलंडेल. म्हणून तिच्या दोन्ही खांद्यांना घट्ट पकडलं. सोडेचना मी. ताई, तिने तिचा तो चांगला हात वर आणला आणि माझं एकेक बोट सोडवलं. घाई नाही, राग नाही. वाटाणे सोलावे तसं. पेल्टोबाई म्हणाली, “हातांनी धरून ठेवलं तरी ते आम्हाला लिहावं लागतं हं.” थट्टेत म्हणाली. मी हात पाठीमागे नेले.

आई बसून राहिली. एकटी. मी खुर्ची ओढून समोर बसले.

मग मी सांगितलं. सगळं. पाइप, बर्फ, छत, मी पाण्यावर. मी तिला विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं तेही सांगितलं. जेवणाचं फिरतं टेबल पुढे ओढलं, त्यावर कागद पसरले, ओळ दाखवली. इथे सही करायची, आई. तू हो म्हटलंस तर करते, नाही म्हटलंस तर नाही.

तिने विचारलं, “कोण?”

“शिकागोचा आहे. दातांचा डॉक्टर.”

“दातांचा?”

“हो, आई.”

ती विचार करत राहिली. एवढा वेळ की मला वाटलं विसरली. मग तिने हात तोंडात घातला, वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही स्वेटरला पुसल्या, आणि कागदावर ठेवल्या. बरोबर सहीच्या ओळीवर. आणि टेबल माझ्याकडे ढकललं.

पेल्टोबाईने विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

मी म्हटलं, “त्याला काय द्यायचं ते सांगितलं.”

आई हसत होती, ताई. अर्धं तोंड हसतं तिचं, दुसरं तसंच राहतं, पण त्या अर्ध्यानेच मला पुरेसं झालं. मी हसता हसता रडायला लागले, पेल्टोबाई माझ्या मागोमाग, व्हरांड्यातून रॅडकी डोकावला आणि काही न विचारता परत गेला. तेवढ्यात टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मी कागद गोळा केले, पिशवीत कोंबले, तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि धावले.

दंतवैद्याला धक्क्यावर सांगितलं की जमणार नाही. त्याने विचारलं, काही अडचण आली का? मी म्हटलं, मालकीणबाई उठून बसल्या. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, माझ्या आईचं असं झालं असतं तर... मग हात मिळवून गेला. होडी विकत घेणारा कुणी तुझ्या माहितीत असेल तर कळव.

पाइपचं काय करायचं ते नोव्हेंबरात बघू, मी सुटीवर येईन तेव्हा. ती घरी कधी येईल, येईल तेव्हा कशी राहील, मला काही माहीत नाही. पण ती बघेल आणि मग ठरेल.

आता एक घोळ. काल रात्रीच्या जेवणाच्या तयारीला लागले, चष्मा शोधायला पिशवी उघडली, तर आतून आईचे दात माझ्याकडे बघून हसले. कागदांबरोबर आले. ती तिथे लापशीवर असणार आणि काकांची शिवी देत असणार, पेल्टोबाईला आधी फोन करून सांग. या पत्रासोबतच्या पुडक्यात पाठवतेय. गुंडाळायला जाड कागद हवा होता, दुसरा नव्हता, म्हणून दंतवैद्याचेच वापरले.

तुझी,
आर्ली